आवाज फाटला, दोष फ्यूजचा?

कळवण तालुक्यात जानेवारी-फेब्रुवारीत दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. शेतात उन्हाळ कांद्याला पाणी आणि शाळेत स्नेहसंमेलन. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल असे कोणाच्या मनात येत नाही. पण ऐन कार्यक्रमात अँप्लिफायरचा आवाज फाटू लागतो, गाणे कर्कश वाटू लागते, आणि मंडपातला कोणी जाणकार सल्ला देतो, "फ्यूज बारीक आहे, करंट पुरत नाही. काढा तो आणि जाड तार टाका." हा सल्ला त्या भागातल्या शिक्षकांकडून आमच्या कानावर आला, आणि त्याबरोबर एक प्रश्नही आला: विजेच्या वाटेतल्या फ्यूजमुळे आवाजाचा दर्जा खरोखरच बदलतो का?

प्रश्न किरकोळ नाही. जगात अनेक ठिकाणी संगीताचे शौकीन अँप्लिफायरसाठी 'खास' फ्यूज विकत घेतात. साधा काचेचा फ्यूज काही रुपयांना मिळतो, तर या खास फ्यूजसाठी हजारो रुपये मोजावे लागतात. काहींवर तर फ्यूज कोणत्या दिशेने बसवायचा याचा बाणही असतो. एकीकडे महागडा फ्यूज आणि दुसरीकडे फ्यूजच नको म्हणणारी जाड तार. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे: फ्यूज आवाज अडवतो. ही समजूत आपण गणिताने आणि प्रयोगाने तपासून पाहू.

फ्यूज म्हणजे किती तार?

पाठ्यपुस्तकात फ्यूजला वितळतार म्हटले आहे, आणि हे नाव नेमके आहे. मर्यादेपेक्षा जास्त विद्युतधारा वाहिली की ही बारीक तार तापून वितळते आणि परिपथ तुटतो. कल्पना जुनी आहे. तारायंत्राच्या केंद्रांचे विजेच्या कडकडाटापासून रक्षण व्हावे म्हणून बारीक तार वापरण्याचा उपाय फ्रान्समध्ये ब्रेगे यांनी १८४७ साली सुचवला होता. घरोघरी वीज देण्याच्या व्यवस्थेत एडिसन यांनी फ्यूजला जागा दिली आणि त्याचे पेटंट १८९० साली घेतले.

अँप्लिफायरच्या मागच्या बाजूला असतो तो काचेच्या नळीतला २० मिलिमीटर लांबीचा फ्यूज. तो २ अँपिअरचा असेल तर थंड असताना त्याचा रोध साधारण ०.०५ ओहम भरतो. आता त्याची तुलना विजेच्या उरलेल्या वाटेशी करू.

समजा, शाळा डीपीपासून ३०० मीटरवर आहे आणि खांबांवरून ५० चौरस मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची तार आली आहे. विजेला जायला एक तार आणि यायला दुसरी, म्हणून लांबी ६०० मीटर धरायची. अ‍ॅल्युमिनियमच्या १ चौरस मिलिमीटर जाडीच्या १ मीटर तारेचा रोध ०.०२८ ओहम असतो. त्यावरून या वाटेचा रोध येतो सुमारे ०.३४ ओहम. शाळेच्या मीटरपासून वर्गापर्यंत १५ मीटर अंतर आणि १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार धरली, तर तांब्याच्या ०.०१७ या आकड्याने आणखी ०.३४ ओहम होतात. तिथून मंडपापर्यंत ओढलेली ३० मीटरची, १ चौरस मिलिमीटरची एक्स्टेन्शन वायर आणखी १ ओहमची भर घालते. एकूण झाले १.७ ओहम. त्यापुढे फ्यूजचे ०.०५ ओहम म्हणजे जेमतेम ३ टक्के.

हेच दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, या फ्यूजचा रोध त्या एक्स्टेन्शनच्या ३ मीटर तारेएवढा आहे. फ्यूजमुळे आवाज बिघडत असेल, तर अँप्लिफायर बोर्डापासून दीड मीटर लांब सरकवल्यानेही तो तेवढाच बिघडला पाहिजे. तसा अनुभव कोणालाच येत नाही.

दिशेचा प्रश्न तर आणखी सोपा आहे. आपल्याकडची वीज प्रत्यावर्ती आहे, तिची वारंवारता ५० हर्ट्झ. म्हणजे फ्यूजमधून जाणाऱ्या धारेची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते. अशा तारेला पुढची आणि मागची बाजू कुठली असणार?

गाण्याची वीज कुठून येते?

बहुतेकांच्या मनातले चित्र पाण्याच्या नळासारखे असते. भिंतीतल्या सॉकेटमधून वीज येते, अँप्लिफायरमधून जाते आणि स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर पडते. नळाला बारीक चाळणी लावली की धार मंदावते, तसाच फ्यूज आवाज मंदावत असेल, असे मग वाटू लागते.

प्रत्यक्षात मध्ये एक मोठी टाकी आहे. सॉकेटमधली वीज आधी रोहित्रात, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते आणि तिचा दाब उतरवला जातो. मग डायोड तिला एकाच दिशेने वाहायला लावतात. त्यापुढे असतात मोठे कपॅसिटर. हीच ती टाकी. सेकंदाला १०० वेळा, क्षणभर, ही टाकी भरली जाते आणि मधल्या काळात अँप्लिफायर तिच्यातूनच वीज घेतो. गाण्याच्या तालानुसार स्पीकरकडे जाणारी धारा या साठ्यातून येते.

अशा टाकीतली पातळी सतत थोडी वरखाली होतच असते. १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि अँप्लिफायर २ अँपिअर घेत असेल, तर दोन भरण्यांमधल्या १० मिलिसेकंदांत दाब सुमारे २ व्होल्टने उतरतो. त्याची घरघर आवाजात उतरू नये अशीच परिपथाची रचना केलेली असते.

आता फ्यूजचा वाटा काढू. टाकी भरतानाच्या क्षणिक धारेचा जोर ५ अँपिअरपर्यंत जातो आणि तापलेल्या फ्यूजचा रोध दुप्पट, म्हणजे ०.१ ओहम झाला आहे, असे आपण फ्यूजच्या विरोधात जाईल असे धरू. ओहमच्या नियमाने फ्यूजवर ०.५ व्होल्ट पडतील. आपल्या २३० व्होल्ट विजेचे शिखर ३२५ व्होल्टचे असते. त्यात ०.५ म्हणजे ०.१५ टक्के. कपॅसिटरवर ४० व्होल्ट असतील तर तिथे फरक पडेल ०.०६ व्होल्टचा. जो अँप्लिफायर २ व्होल्टचा चढउतार पचवतो, त्याला हे ०.०६ व्होल्ट जाणवायचे कारण नाही.

अँप्लिफायर पूर्ण जोरात असताना त्याच्या जास्तीत जास्त आवाजात यामुळे किती घट होईल? सुमारे ०.०१३ डेसिबल. आवाजाच्या पातळीत १ डेसिबलच्या आसपास फरक झाला तरच तो आपल्याला सहज कळतो. शांत खोलीत, सराव असलेल्या कानाला त्याहून थोडा कमी फरकही कळेल. पण ०.०१३ डेसिबल कोणत्याच कानाच्या आवाक्यात नाही.

एक खरा अपवाद

फ्यूज कुठेही बसवला तरी आवाजावर परिणाम शून्य, असे मात्र म्हणता येणार नाही. काही जुन्या अँप्लिफायरमध्ये आणि स्पीकरमध्ये फ्यूज स्पीकरकडे जाणाऱ्या तारेतच बसवलेला असे. तिथे मध्ये टाकी नाही. गाण्याची धारा थेट फ्यूजमधून जाते.

धातू तापला की त्याचा रोध वाढतो. तांब्याच्या बाबतीत ही वाढ दर अंशाला सुमारे ०.४ टक्के असते. तबल्याच्या डग्ग्यासारखा खर्जातला सूर असेल तर प्रत्येक अर्ध्या आवर्तनात फ्यूजची बारीक तार थोडी तापते आणि थोडी निवते, आणि तिचा रोध त्याच लयीत बदलतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हा बदल लहानच असतो, पण उपकरणांनी मोजता येतो. उंच सुरांत तारेला निवायला वेळच मिळत नाही, म्हणून तिथे हा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. फ्यूजमुळे आवाज बिघडतो या समजुतीत तथ्याचा कण आहे तो एवढाच, आणि तो स्पीकरच्या तारेतल्या फ्यूजपुरता आहे. विजेच्या वाटेतल्या फ्यूजला तो लागू नाही.

मग आवाज फाटतो कशाने?

आता कांद्याच्या पाण्याकडे वळू. थ्री-फेज वीज आली की शिवारातल्या मोटारी एकदम चालू होतात. शेतीची आणि वस्तीची वाहिनी जिथे वेगळी केलेली नाही, किंवा शाळा डीपीपासून अगदी शेवटच्या टोकाला आहे, तिथे विजेचा दाब उतरतो. नियमाप्रमाणे २३० व्होल्टमध्ये ६ टक्के कमीअधिक चालते, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. टोकाच्या जागी तो १८० व्होल्टपर्यंत उतरला असे समजू. मिळणारी शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे रोहित्रावर चालणाऱ्या अँप्लिफायरची जास्तीत जास्त शक्ती ६१ टक्क्यांवर येते. ही घट २.१ डेसिबलची आहे. फ्यूजच्या ०.०१३ डेसिबलशी तिची तुलना करून पाहा. १५० पटींहूनही अधिक!

या वेळी आवाज कमी वाटतो म्हणून चालवणारा बटण आणखी पिळतो. पण टाकीतली पातळीच उतरलेली असल्यामुळे ध्वनिलहरींची शिखरे वरून कापली जातात. गोल माथ्याची लहर सपाट माथ्याची होते आणि तिच्यात मूळ गाण्यात नसलेले उंच सूर मिसळतात. आपण 'आवाज फाटला' म्हणतो तो हा प्रकार. त्यावर उपाय दोन: बटण मागे फिरवणे आणि दाब सुधारणे. फ्यूज जाड करून दाब वाढत नाही. आजच्या बऱ्याच अँप्लिफायरमध्ये जड रोहित्राऐवजी दाब स्वतः सांभाळणारा वीजपुरवठा असतो. तो कमी दाबातही काही मर्यादेपर्यंत आवाज टिकवतो, मात्र त्यासाठी जास्त धारा ओढतो.

दुसरे कारण स्पीकरची तार. ८ ओहमचा स्पीकर मंडपाच्या टोकाला ३० मीटरवर ठेवला आणि ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक तार वापरली, तर जातायेता ६० मीटर तारेचा रोध होतो २ ओहम. म्हणजे अँप्लिफायरने दिलेल्या शक्तीचा पाचवा हिस्सा तार तापवण्यात जातो. जाड तार टाकायचीच असेल तर ती इथे टाकावी. लांबवर कर्णे लावताना १०० व्होल्टची लाईन वापरतात तीही याचसाठी. दाब जास्त ठेवला की तेवढ्याच शक्तीला धारा कमी लागते आणि तारेतला तोटा घटतो.

तिसरे कारण सैल जोड. 'खरखर' बहुधा सैल प्लग, गंजलेले सॉकेट किंवा माईकची तुटत आलेली तार यांमुळे होते. 'घूं' असा सलग आवाज येत असेल तर तो ५० किंवा १०० हर्ट्झचा असतो, आणि अर्थिंग किंवा माईकच्या तारेवरचे जाळीचे आवरण तपासावे लागते.

फ्यूज बदलला आणि आवाज सुधारला!

असे सांगणारे लोक भेटतात आणि ते खोटे बोलत नसतात. फ्यूज काढून दुसरा बसवताना त्याच्या खोबणीतल्या धातूच्या पट्ट्या घासल्या जातात आणि त्यांच्यावरचा गंज निघतो. जोड सैल असेल तर तो घट्ट होतो आणि खरखर थांबते. हे काम नव्या फ्यूजचे नसून घासण्याचे आहे. तोच जुना फ्यूज काढून पुन्हा बसवला असता तरी तेवढाच फरक पडला असता. शिवाय या खटाटोपात थोडा वेळ जातो. तेवढ्यात शिवारातली एखादी मोटार बंद झालेली असू शकते.

आणखी एक कारण आपल्या मनात असते. पैसे खर्च केलेले असतात, कष्ट केलेले असतात, सुधारणा होईल अशी अपेक्षा असते. आवाजाच्या बारीक छटा आपल्याला काही सेकंदच नेमक्या आठवतात. त्यामुळे पाच मिनिटांपूर्वीच्या आवाजाशी आताच्या आवाजाची तुलना करताना अपेक्षाच ती जागा भरून काढते. यात कमीपणाचे काही नाही, सर्वांचेच मन असे चालते. म्हणूनच विज्ञानाने डोळ्यांवर पट्टी बांधून परीक्षा घेण्याची पद्धत काढली. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने मेस्मर यांच्या 'प्राणिज चुंबकत्वा'च्या दाव्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती. तीत बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. रुग्णांच्या डोळ्यांवर पट्टी बांधल्यावर परिणाम दिसे तो रुग्णाच्या समजुतीप्रमाणे. प्रत्यक्षात उपचार केला की नाही, याच्याशी त्याचा मेळ बसत नसे.

वर्गात करण्याजोगी परीक्षा

घरगुती विजेवर हा प्रयोग मुळीच करू नये, अँप्लिफायर उघडूही नये. १२ व्होल्टची बॅटरी पुरेशी आहे.

पहिला भाग मोजमापाचा. बॅटरी, दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॉटचा दिवा आणि २ अँपिअरचा काचेचा फ्यूज एकसरीत जोडावा. दिव्यातून सुमारे ०.८ अँपिअर धारा वाहते. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या दोन टोकांमधला दाब मोजावा. तो ४० मिलिव्होल्टच्या आसपास यावा. मग फ्यूजऐवजी तारेचे भेंडोळे जोडून किती मीटर तारेवर तेवढाच दाब पडतो ते विद्यार्थ्यांनी शोधावे. 'फ्यूज म्हणजे किती तार' याचे उत्तर त्यांना स्वतःला मिळेल.

दुसरा भाग कानाचा. बॅटरीवर चालणारा गाडीतला टेप किंवा छोटा अँप्लिफायर घ्यावा. बॅटरीच्या टोकाशीच ५ अँपिअरचा फ्यूज कायमचा ठेवावा, म्हणजे काही चुकले तरी धोका नाही. त्यापुढे दुहेरी बटणाने दोन वाटा कराव्यात: एक साध्या तारेची, दुसरी २ अँपिअरच्या फ्यूजमधून जाणारी. एका विद्यार्थ्याने पडद्यामागे बसून दर वेळी नाणे उडवावे, छापा आला तर तार, काटा आला तर फ्यूज, आणि वहीत नोंद करावी. दर फेरीला बटण बंद करून पुन्हा चालू करावे, म्हणजे त्याच्या खटक्यावरून काही कळणार नाही. ऐकणाऱ्याने काय वाटले ते लिहावे. गाण्याचा तोच तुकडा, आवाजाचे बटण त्याच जागी, आणि अशा १० फेऱ्या.

नुसत्या अंदाजाने दहापैकी दहा बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये १, आणि नऊ किंवा दहा बरोबर येण्याची १०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे १ टक्का. पाच-सहा बरोबर आले तर तो नाण्याचाच खेळ. एखाद्याचे नऊ आले तर त्याची परीक्षा पुन्हा घ्यावी. संभाव्यतेचा पाठ यातच होऊन जातो. येथे दाब फक्त १२ व्होल्ट असल्यामुळे फ्यूजवर पडणाऱ्या दाबाचे प्रमाण २३० व्होल्टच्या विजेपेक्षा जास्त आहे. म्हणजे फ्यूजला 'पकडण्याची' संधी येथे अधिक आहे. येथेही फरक ऐकू आला नाही, तर शाळेच्या विजेवर तो ऐकू येण्याची आशाच नको.

जाड तारेची किंमत

फ्यूजने आवाज बदलत नाही, तो काढल्याने मात्र बरेच काही बदलते. ब्रिटिश अभियंता विल्यम प्रीस यांनी १८८० च्या दशकात तार वितळवणाऱ्या धारेचा एक सोपा नियम दिला. तांब्याच्या तारेचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा घन करा, घनाचे वर्गमूळ काढा आणि ८० ने गुणा. उत्तर अँपिअरमध्ये येते. नियम अदमासाचा आहे, पण डोळे उघडणारा आहे.

लवचीक वायरमधला एक केसासारखा धागा ०.२ मिलिमीटर जाडीचा असतो. तो वितळायला सुमारे ७ अँपिअर लागतात. १ चौरस मिलिमीटरची पूर्ण तार, व्यास १.१३ मिलिमीटर, वितळायला सुमारे ९६ अँपिअर! २ अँपिअरच्या फ्यूजच्या जागी एकच धागा बसवला आणि रोहित्राच्या वेटोळ्यात बिघाड होऊन ६ अँपिअर वाहू लागले, तर तो धागा वितळणार नाही. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १३८० वॉट. बंद पेटीत विजेची शेगडी पेटवून ठेवण्यासारखेच हे आहे. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद फ्यूजभोवती गुंडाळण्याचा प्रकारही याच जातीचा. आणि ही पेटी बहुधा कापडी पडद्यांजवळ, मुलांच्या गर्दीत ठेवलेली असते.

फ्यूज वारंवार उडत असेल तर त्याच्यावर कोरलेली अक्षरे आधी पाहावीत. टी म्हणजे सावकाश वितळणारा, एफ म्हणजे झटकन वितळणारा. रोहित्र असलेला अँप्लिफायर चालू करताना क्षणभर धारेचा मोठा लोंढा येतो. तिथे टी हवा असताना एफ बसवला तर तो बटण दाबताच उडतो आणि लोक जाड तारेकडे वळतात. तेवढ्याच अँपिअरचा, त्याच अक्षराचा फ्यूज बसवूनही तो उडत राहिला, तर बिघाड अँप्लिफायरमध्ये आहे असे समजून तो दुरुस्तीला द्यावा.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. फ्यूज आगीपासून वाचवतो, झटक्यापासून नाही. माणसाच्या शरीरातून ३० मिलिअँपिअर गेले तरी ते धोक्याचे असते, आणि २ अँपिअरच्या फ्यूजला त्याची खबरही लागत नाही. त्यासाठी धारेची गळती ओळखून वीज तोडणारे वेगळे बटण आणि नीट अर्थिंग लागते. स्नेहसंमेलनाआधी मल्टिमीटरने सॉकेटमधला दाब वायरमनकडून मोजून घ्यावा, आणि तो शिवारात मोटारी चालू असताना मोजावा.